मूठ आवळली की बीपी का चढतं? वजन, पाळी आणि स्नायूंनी वर पाठवलेला निरोप

निशिगंधा

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला एका जिवलग मैत्रिणीचा फोन आला. आवाज पार उतरलेला. व्यायामशाळेत भिंतीला पाठ टेकून 'खुर्ची' करताना तिने दंडाला बीपीचा पट्टा बांधून पाहिला, तर आकडा आला १६८/१०२. एरवी तिचं बीपी ११८/७६ च्या आसपास असतं. पाळीचा दुसरा दिवस होता आणि दोन वर्षांत वजन ११ किलोंनी वाढलंय. या तीन गोष्टींची तिने स्वतःच सांगड घातली, इंटरनेटवर मिळेल ते वाचलं आणि व्यायाम बंद करून टाकला. "पाळीत नसा आवळतात म्हणे, त्यात माझं हे वजन, उद्या काही झालं तर?" हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दर वर्षी दुसऱ्या सत्रात एक प्रात्यक्षिक घेते, आणि मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. एका विद्यार्थिनीला खुर्चीत बसवायचं. हातात पकड मोजायचं यंत्र द्यायचं. आधी पूर्ण जोर लावून तीनदा दाबायला लावायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. मग त्याच्या ३०% जोराने सलग २ मिनिटं मूठ आवळून ठेवायची. बीपी मोजायचं दुसऱ्या हातावर. पहिली ३० सेकंदं काहीच वाटत नाही. मिनिटभराने पंजा जड होतो, दीड मिनिटाला मनगटाच्या वर जळजळ सुरू होते, आणि शेवटच्या १५ सेकंदांत ती मुलगी नकळत दात-ओठ खायला लागते.

यंदाच्या एका मुलीचे आकडे माझ्या वहीत आहेत. सुरुवातीला ११४/७०, नाडी ७२. दोन मिनिटांच्या शेवटी १४०/८८, नाडी ९५.

खरी गंमत पुढे आहे. मूठ सोडायच्या दोन-तीन सेकंद आधी मूठ आवळलेल्या हाताच्या दंडावर बांधलेला दुसरा पट्टा एकदम २२० पर्यंत फुगवायचा. आता हाताचं रक्त हातातच अडकलं. मग सांगायचं, "सोड मूठ." मूठ सुटली, व्यायाम संपला, मुलगी सैल पडली. नाडी अर्ध्या मिनिटात ७५ वर आली. आणि बीपी? १३४/८४. खाली यायलाच तयार नाही! दोन मिनिटं पट्टा तसाच ठेवला, तोवर बीपीही तिथेच. पट्टा सोडला, पंजा लालबुंद झाला आणि मिनिटाभरात बीपी ११६ वर आलं. वर्गात दर वर्षी या क्षणी शांतता पसरते. हात काही करत नाहीये, मन काही करत नाहीये, तरी बीपी वर कोण धरून ठेवतंय?

स्नायू धरून ठेवतोय. हा प्रयोग १९३७ साली आलम आणि स्मर्क या दोघांनी कैरोमध्ये केला. त्याआधी १९१३ मध्ये क्रोघ आणि लिंडहार्ड यांनी मांडलं होतं की व्यायामाचा हुकूम सोडतानाच मेंदू हृदयालाही सूचना देतो. तेही बरोबरच आहे, नाडी लगेच वाढते ती मुख्यतः त्यामुळे. पण अडकवलेल्या रक्ताच्या प्रयोगातून दिसलं की स्नायू स्वतःही वर निरोप पाठवतात. स्नायूंत बारीक संवेदी तंतू असतात. एका जातीच्या तंतूंना (गट ३) मुख्यतः ताण-दाब कळतो, तर दुसऱ्या जातीच्या तंतूंना (गट ४) काम करताना साचणारी द्रव्यं कळतात: आम्लता, लॅक्टेट, पोटॅशियम, प्रोस्टाग्लँडिन वगैरे. "इथे रक्त कमी पडतंय" हा निरोप मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी जातो, तिथून सिंपथेटिक चेतासंस्था (शरीराला धावपळीसाठी आपोआप सज्ज करणाऱ्या नसांचं जाळं) जागी होते, इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आवळते आणि दाब वाढवते, म्हणजे गरजू स्नायूकडे रक्त रेटता येईल. याला मेटाबोरिफ्लेक्स म्हणतात. मानेतल्या धमनीतला दाब मोजणारा पहारेकरी एरवी असा दाब वाढू देत नाही, पण व्यायामात त्याची स्वतःचीच पातळी वर सरकवलेली असते. म्हणून व्यायामात बीपी वाढणं ही मुळात बिघाडाची खूण नाही. न वाढणं जास्त काळजीचं.

आता पाळी. पहिल्या तीन-चार दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला असतात. बीजांड सुटण्याच्या आधी एकटं इस्ट्रोजेन उंच जातं, आणि त्यानंतर साधारण आठवड्याने दोन्ही वर असतात. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं, म्हणजे वाहिन्या सैल पडतात. मूठ आवळण्याच्या काही प्रयोगांत इस्ट्रोजेन चढलेल्या दिवसांपेक्षा पाळीच्या पहिल्या दिवसांत सिंपथेटिक चेतातंतू जास्त चेतलेले दिसले. म्हणजे मैत्रिणीने ऐकलेल्या गोष्टीत कणभर तथ्य आहे. पण तो कणच! विश्रांतीतल्या बीपीत पाळीच्या चक्राने पडणारा फरक जेमतेम काही मिलिमीटरांचा (बीपीचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरांत, म्हणजे मिमीत असतात) असतो. ११८ चे १६८ पाळीने होत नाहीत.

वजनाचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे, त्यावर खाली सविस्तर लिहीन. आधी तुमचे अनुभव येऊ द्यात. एक कळकळीची विनंती: दंडाला पट्टा आवळून रक्त अडकवायचा प्रयोग घरी कुणीही करू नका. तो बघायला माणूस शेजारी असतो तेव्हाच करायचा.


मनवा

ती मैत्रीण मीच. निशीने विचारूनच लिहिलंय, त्यामुळे लपण्यासारखं काही नाही.

निशी, वाचून धीर आला, पण माझा प्रश्न आहे तिथेच आहे. तुझ्या वर्गातल्या मुलीचं १४० झालं. माझं १६८ का? ती दोन मिनिटं करत होती, मी जेमतेम ५० सेकंद. ती वयाने लहान आहे हे मान्य, पण एवढा फरक?


हेमंत_फिजिओ

मनवाताई, मला दोन गोष्टी सांगाल का? खुर्ची करताना श्वास चालू होता की रोखला होता? आणि पट्टा बांधलेला हात कुठे होता, मांडीवर दाबलेला की सैल?

विचारायचं कारण असं, की मूठ आणि मांड्या यांची तुलनाच होत नाही. मांडीचा स्नायू शरीरातला सगळ्यात मोठा स्नायूगट. जितका स्नायू जास्त, तितका वर जाणारा निरोप मोठा. त्यात श्वास कोंडला की छातीतला दाब थेट धमन्यांत उतरतो. १९८५ साली मॅकडुगल आणि सहकाऱ्यांनी वजन उचलणाऱ्या तरुण, निरोगी पुरुषांच्या धमनीत सुई घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना गटाची सरासरी ३२०/२५० पर्यंत गेली. एकाचा तर ४८० च्या वर गेला होता. हे आकडे घाबरवायला देत नाहीये. ती माणसं धडधाकट होती आणि वजन खाली ठेवताच दाब कोसळून जागेवर आला. सांगायचं एवढंच की स्थिर ताणाच्या व्यायामात मध्येच घेतलेला आकडा आणि शांत बसून घेतलेला आकडा यांना एका तागडीत घालू नका.

आणखी एक. घरगुती यंत्र धमनीच्या ठोक्यांची कंपनं पकडून हिशेब करतं. दंडाचा स्नायू ताणलेला असेल, हात थरथरत असेल तर ते गोंधळतं. चालू व्यायामात त्याच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही.


मनवा

हेमंतदादा, श्वास रोखला होता. शेवटची दहा सेकंदं तर नक्कीच. आणि हात मांडीवर दाबून धरला होता, तोल जाऊ नये म्हणून. हे दोन्ही मी निशीला सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं.


निशिगंधा

हेमंत, अगदी मोक्याचे प्रश्न विचारलेत. मनवा, आता वजनाकडे येते. तुझ्या "एवढा फरक का"चं मोठं उत्तर तिथे आहे आणि ते चरबीत कमी, भिंतीला टेकून केलेल्या खुर्चीत जास्त आहे.

मुठीच्या प्रयोगात प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या ताकदीच्या ३०% एवढंच काम मिळतं. नाजूक मुलीला कमी, दणकट मुलीला जास्त, पण स्नायूच्या दृष्टीने ओझं सारखंच. खुर्चीत तसं नाही. तिथे ओझं म्हणजे तू स्वतः. दोन वर्षांपूर्वी हीच खुर्ची तुझ्या मांड्यांना समजा ताकदीच्या ४०% वाटत असेल, तर आज ११ किलो अंगावर जास्त घेऊन आणि बैठ्या कामाने मांड्या थोड्या सैलावलेल्या असताना तीच खुर्ची ५०-५५% वाटेल (हे आकडे समजुतीसाठी, मोजलेले नाहीत). स्नायू जितक्या जास्त टक्क्यांनी आवळला जातो तितक्या त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, द्रव्यं लवकर साचतात, निरोप लवकर आणि जोरात जातो. तुझा मेटाबोरिफ्लेक्स बिघडला असेलच असं नाही. त्याला काम जास्त दिलं होतंस. गुडघ्याचा कोन थोडा मोठा ठेवून, म्हणजे भिंतीवर जरा वर बसून बघ. तेच शरीर, तोच दिवस, आकडा वेगळा येईल.

आता खुद्द चरबीचं. वाढलेल्या वजनात सिंपथेटिक चेतासंस्था बसल्या जागीच थोडी जास्त तापलेली असते. चरबीपेशी लेप्टिन सोडतात (हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं), ते मेंदूत जाऊन भूक कमी करतं आणि सिंपथेटिक पण चेतवतं. जादा इन्सुलिन तेच करतं. घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकत असेल तर तेही. त्यामुळे सुरुवातीची पातळीच वर असते. पण त्यावरून "वजन जास्त म्हणजे व्यायामातली उसळीही जास्त" असा निष्कर्ष काढला की चुकतो. बीपी सामान्य असलेल्या लठ्ठ स्त्रियांचा मूठ आवळून अभ्यास केला गेला, २००१ मध्ये तो छापून आला, आणि त्यात मेटाबोरिफ्लेक्सने होणारी चेतातंतूंची वाढ उलट मंदावलेली निघाली! सुरुवात उंचावर, पण उडी लहान. याउलट ज्यांना उच्च रक्तदाब आहे त्यांच्यात हा रिफ्लेक्स अतिरेकी वागतो हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. म्हणून 'वजन' आणि 'वजन अधिक बीपी' या दोन वेगळ्या स्थिती आहेत. एकीचा अनुभव दुसरीला लावू नये.


सायली_क

वजनाचा विषय निघाला आहे तर माझ्या मनात साचलेलं लिहिते. माझ्या दंडाचा घेर ४३ सेंमी आहे. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी ट्रेडमिल चाचणीला गेले होते. चाचणीच्या आधी बसवून बीपी घेतलं, १५६. पट्टा दंडाला पुरत नव्हता, फुगल्यावर चर्रकन सुटायचा, मग तिथल्या माणसाने तो हाताने दाबून धरला. मी दोनदा म्हणाले की मोठा पट्टा नाही का. "एवढ्याने काही होत नाही," असं उत्तर आलं. चाचणी रद्द झाली, माझ्या कागदावर 'उच्च रक्तदाब' लिहिलं गेलं, आणि घरी येईपर्यंत मी स्वतःला आजारी समजायला लागले होते. सगळ्यात वाईट वाटलं ते त्याच्या नजरेचं. जणू पट्टा पुरत नाही हा माझा गुन्हा.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी टेपने दंड मोजला, कपाटातून मोठा पट्टा काढला, पाच मिनिटं गप्प बसवलं. १३२/८४. वेगवेगळ्या दिवशी तीनदा घेतलं, तेवढंच.


निशिगंधा

सायली, वाचून फार वाईट वाटलं. गुन्हा कुणाचा असेल तर तो पट्ट्याचं माप न बघणाऱ्याचा. हा मुद्दा मी मूळ लेखात घालायला हवा होता.

पट्ट्याच्या आतला फुगा दंडाच्या घेराच्या निदान ८०% लांब आणि साधारण ४०% रुंद लागतो. लहान पट्टा आकडा फुगवतो. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत, ज्यांना सगळ्यात मोठ्या मापाचा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधून बघितलं, तर वरचा आकडा सरासरी १९.५ मिमीने जास्त आला. वीस मिमी! एवढ्यावर माणसाच्या माथी आजाराचा शिक्का बसतो. वजन आणि बीपी यांच्या नात्याबद्दल जे सरसकट बोललं जातं, त्यातलं किती पट्ट्याने घडवलेलं असेल असं मला कधीकधी वाटतं. सगळ्यांनी आपापला दंड खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने मोजा आणि यंत्राच्या पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. आजच.


अनिकेत_र

लेख आवडला, पण पाळीच्या परिच्छेदावर माझा आक्षेप आहे. निशिगंधाताई, तुम्ही 'काही प्रयोगांत दिसलं' असं म्हणून इस्ट्रोजेनच्या बाजूने झुकलात. मी यातलं जे वाचलंय त्यात पाळीच्या दोन टप्प्यांत त्याच स्त्रियांना मोजून मेटाबोरिफ्लेक्समध्ये काहीच फरक न सापडल्याचे निष्कर्षही आहेत. बहुतेक अभ्यासांत सहभागी दहा-पंधरा जणी. त्यातही टप्पा ठरवायला कित्येकदा नुसते दिवस मोजलेले. २८ दिवसांचं चक्र ही सरासरी आहे, २१ ते ३५ पर्यंत सगळं सर्वसाधारण धरतात. दहाव्या दिवशी एकीचं इस्ट्रोजेन शिखरावर असेल, दुसरीचं अजून पायथ्याशी. लघवीतल्या एलएचची (बीजांड सुटण्याच्या जरा आधी उसळणारं संप्रेरक) पट्टी आणि रक्तातलं प्रोजेस्टेरॉन न बघता 'अमुक टप्पा' म्हणणं म्हणजे अंधारात तीर.

दुसरं, पुरुषांची उसळी स्त्रियांपेक्षा मोठी असते याचं सगळं श्रेय संप्रेरकांना दिलं जातं, तेही घाईचं आहे. ताकदवान मूठ त्याच ३०% ला स्नायूतल्या वाहिन्या जास्त दाबते. ताकद जुळवून घेतली की स्त्री-पुरुषांतला फरक बराच पुसट होतो असंही दिसलंय.


निशिगंधा

अनिकेत, दोन्ही मुद्दे मान्य. पहिल्यात माझं माप झुकलं होतं. मेटाबोरिफ्लेक्सवर पाळीच्या टप्प्याचा परिणाम कुठे दिसतो, कुठे दिसत नाही, आणि दिसला तरी लहान असतो, असंच लिहायला हवं होतं.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. 'बीपीत फरक नाही' याचा अर्थ 'आत काही बदललं नाही' असा होत नाही. पायाच्या चेतातंतूत केसाएवढी सुई घालून सिंपथेटिकची चाहूल थेट ऐकता येते. स्पीकरला जोडली की वाऱ्याच्या झुळकांसारखा आवाज येतो, एक झुळूक, थांबा, पुन्हा एक. मी एकदाच ऐकलंय आणि अजून कानात आहे. हे तंत्र १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये हॅगबार्थ आणि व्हॅल्बो यांनी उभं केलं. त्या मोजणीत बीजांड सुटल्यानंतरच्या मधल्या काळात विश्रांतीतल्या झुळका पाळीच्या पहिल्या दिवसांपेक्षा वाढलेल्या आढळल्या आहेत, आणि बीपी मात्र जवळपास तेच. कारण तरुण स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांत आवळणाऱ्या संदेशाच्या जोडीला सैल करणारे बीटा रिसेप्टरही जोमात असतात. एक दोरी ओढते, दुसरी ढील देते. पट्ट्याला फक्त बेरीज दिसते.


शुभदा_म

अगं निशिगंधा, मग माझ्यासारखीचं काय? मी ५३ ची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. वजन तेच आहे, चालणंही तेच आहे, पण चढावर चालून आले की पूर्वी १४०-१४५ असायचं ते आता १६५ च्या घरात जातं. खाली यायलाही वेळ लागतो. सगळे म्हणतात वय झालं.


निशिगंधा

शुभदाताई, वय हे कारण आहेच, पण वर जी ढील देणारी दोरी म्हटली ना, ती पाळी गेल्यावर कमजोर पडते. तरुणपणी झुळका वाढल्या तरी दाब फारसा हलत नाही. पाळी गेल्यावर त्याच झुळका थेट दाबात उतरतात. हे २०१० च्या आगेमागे झालेल्या कामातून बरंच स्पष्ट झालंय. त्यामुळे तुमच्या निरीक्षणात काही खोट नाही, "वय झालं" म्हणून ते झटकूही नका. विश्रांतीतलं बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून डॉक्टरांना दाखवा. चाचणीत, म्हणजे पूर्ण दमेपर्यंत चालवल्यावर, स्त्रियांत १९० आणि पुरुषांत २१० च्या वर गेलं तर त्याला सहसा अतिरेकी प्रतिसाद म्हणतात. १६५ त्याच्या खाली आहे, पण तुमचा चढ म्हणजे काही दमछाक चाचणी नव्हे, म्हणून दाखवाच.


रेवा९

पीसीओएस (संप्रेरकांच्या गडबडीने पाळी अनियमित होण्याचा त्रास) असणाऱ्यांनी यात कुठे बसायचं? माझी पाळी ४५-५० दिवसांनी येते. दहावा दिवस, विसावा दिवस याला माझ्याकडे काही अर्थच नाही.


निशिगंधा

रेवा, खरं आहे. दिवस मोजण्यातली अडचण अनिकेतने सांगितली ती तुझ्या बाबतीत दुप्पट. बीजांड सुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉनचा टप्पाच येत नाही, नुसतं रक्तस्रावावरून काही ठरवता येत नाही. त्यातून पीसीओएसमध्ये सिंपथेटिकच्या झुळका मुळातच जास्त असतात हे सुई घालून मोजलेलं आहे. तू दिवसाचा नाद सोड. आठवड्याचा एकच वार धर, तीच वेळ, तोच व्यायाम, आणि व्यायामाआधी व नंतर पाच मिनिटं बसून बीपी लिही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही लिही, काहींचं बीपी त्याने वाढतं.


हेमंत_फिजिओ

मनवाताई, एक राहिलं. दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं का, आणि काही गोळी घेतली होती का?


मनवा

दुखत होतंच. सकाळी आणि दुपारी आयब्युप्रोफेन. व्यायाम संध्याकाळी सहाला. का?


हेमंत_फिजिओ

वेदना स्वतः बीपी चढवते, आणि या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, त्यानेही थोडं चढतं. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांत त्यांचा असरही कमी होतो. दोन गोळ्यांनी आभाळ कोसळत नाही, पण दर महिन्याला चार-पाच दिवस घेत असाल तर डॉक्टरांना सांगून ठेवा. म्हणजे बघा, मोठा स्नायू, कोंडलेला श्वास, दाबलेला हात, वाढलेलं ओझं, दुखणं, गोळी. एवढी मंडळी त्या १६८ मध्ये बसली होती आणि तुम्ही बोट दाखवलंत पाळीकडे.

व्यायाम मात्र सोडू नका, स्थिर ताणाचा तर मुळीच नाही. २०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्यात विश्रांतीतलं बीपी सगळ्यात जास्त कमी करणारा व्यायाम म्हणून हाच प्रकार पुढे आला, सरासरी ८/४ मिमी. म्हणजे जो व्यायाम करताना बीपी उसळतं, तोच आठवडे-महिने नियमाने केला की एरवीचं बीपी उतरवतो. नेहमीचा पाठ असा: २ मिनिटांचे ४ फेरे, मध्ये १ ते ४ मिनिटं विश्रांती, आठवड्यातून ३ दिवस. नवख्याने २ मिनिटांचा हट्ट धरू नये, उंच खुर्चीत ३० सेकंदांपासून सुरू करावं. सगळा वेळ आकडे मोठ्याने मोजायचे. बोलत असताना श्वास कोंडताच येत नाही. ज्यांचं बसलेलं बीपीच १६०-१०० च्या वर आहे किंवा ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.


अनिकेत_र

वजनाच्या बाजूने एक आकडा जोडतो. २००३ मध्ये २५ चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब आहे: वजन १ किलो उतरलं की वरचं बीपी सरासरी १ मिमी उतरतं. ऐकायला किरकोळ, पण ११ किलोंना गुणून बघा. आणि मनवाताई, पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. वजनाची तुलना करायची तर चक्राच्या त्याच दिवसाशी करा, नाहीतर दर महिन्याला उगाच आनंद आणि उगाच दुःख.


सायली_क

निशिगंधा, टेपने दंड मोजायचं तू लिहिलंस त्यावरून माझ्या भावजयीनेही मोजला. तिचा ३६ सेंमी, आणि घरातला पट्टा ३२ पर्यंतचा. पाच वर्षं त्याच पट्ट्यावर मोजत होती. उद्या नवा पट्टा आणतोय.


मनवा

सात आठवड्यांनी परत लिहितेय. धागा वर आणल्याबद्दल माफी.

वही ठेवली. दोन चक्रं पूर्ण झाली. आठवड्यातून ३ दिवस खुर्ची, आधी ३० सेकंद, आता ७० पर्यंत आले. पहिल्या दिवशी मोठ्याने आकडे मोजायला लाज वाटली, शेजारची मुलगी वळून बघत होती. आता तीही मोजते. व्यायाम चालू असताना बीपी घेणं बंद केलं. आधी पाच मिनिटं बसून आणि नंतर पाच मिनिटं बसून, हात टेबलावर, दंडाच्या मापाचा पट्टा.

पाळीच्या पहिल्या तीन दिवसांतले आकडे दोन्ही महिन्यांत मिळून: आधी ११६ ते १२२, नंतर ११२ ते १२०. चक्राच्या मधल्या आठवड्यातले: आधी ११४ ते १२१, नंतर ११० ते ११९. मी दोन्ही रांगा शेजारी शेजारी मांडून बराच वेळ बघत बसले. निशी, मला तर फरक दिसत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मांड्या लवकर थकतात हे मात्र दोन्ही वेळा जाणवलं, त्या दिवशी ५० सेकंदांवर थांबले. वजन सव्वा किलोने कमी, चक्राच्या त्याच दिवशी मोजलेलं.

गेल्या मंगळवारी पाळीचा पहिला दिवस होता. सकाळी पिशवी भरताना हात थबकला, मग तशीच गेले.


निशिगंधा

मनवा, वही बघायला घरी येतेय. गुडघ्याचा कोन लिहिलायस का? पहिल्या आठवड्यात भिंतीवर किती वर बसत होतीस आणि आता किती, ते कळल्याशिवाय ३० आणि ७० सेकंदांची तुलना करता येणार नाही. भिंतीवर पाठीच्या उंचीला खडूची रेघ मार.


मनवा

नाही लिहिला. उद्यापासून रेघ.